मधू लिमये : घरापासून सुरू झालेला समाजवाद

आपल्या पलासिया चौकातून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता देवास, शाजापूर करीत ब्यावऱ्याला पोहोचतो. तिथून भोपाळच्या दिशेने वळले की नरसिंहगड लागते. डोंगरावर जुना किल्ला, खाली तलाव आणि गाव. आणीबाणीच्या काळात या गावच्या जेलमध्ये एक मराठी खासदार स्थानबद्ध होते. जन्म पुण्याचा, मतदारसंघ बिहारमधला आणि तुरुंग आपल्या मध्य प्रदेशातला. त्यांचे नाव मधू लिमये.

स्मरणिकेसाठी यंदा कोणाचे चरित्र लिहावे याचा विचार करताना आम्हाला हे नाव सुचले. आम्ही सरकारी नोकरीत आहोत, त्यामुळे कोणत्याही पक्षाची बाजू मांडणे हा आमचा हेतू नाही. पण समाजवादी हा शब्द आज भाषणात आणि पक्षांच्या नावात उरला आहे. एका माणसाने तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चात आणि स्वतःच्या पराभवात कसा सांभाळला, हे आपल्या मुलांना माहीत असावे असे आम्हाला वाटते.

मधू रामचंद्र लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. जन्मतारीख कामगार दिनाची, हा योगायोगच. १९३७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. तिथल्या दिवसांत एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांचा सहवास मिळाला आणि अभ्यासाइतकाच चळवळीचा नाद लागला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी युद्धविरोधी भाषणे केली. त्याबद्दल १९४० मध्ये अटक झाली आणि जवळपास एक वर्ष धुळ्याच्या तुरुंगात काढावे लागले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ते भूमिगत झाले. अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफअली यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि एस. एम. जोशींच्या साथीने ‘क्रांतिकारी’ हे मराठी पत्र चालवले. सप्टेंबर १९४३ मध्ये दोघेही पकडले गेले. खटला न चालवताच लिमयांना वरळी, येरवडा आणि विसापूर येथे जुलै १९४५ पर्यंत ठेवण्यात आले. म्हणजे ज्या वयात आपली मुले डिग्री, नोकरी आणि लग्न यांची आखणी करतात, त्या वयातली जवळपास तीन वर्षे तुरुंगात गेली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर अशा अनेकांचे जीवन मार्गी लागले. लिमयांचे मात्र पुन्हा तुरुंगाकडे वळले. १९५२ साली चंपा गुप्ते यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तीन वर्षांनी, घरी मूल अगदी लहान असताना, जुलै १९५५ मध्ये ते सत्याग्रहींची तुकडी घेऊन पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यात शिरले. पोलिसांनी त्यांना निर्दयपणे मारले. डिसेंबरमध्ये पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने १२ वर्षांची शिक्षा दिली. त्यांनी बचाव केला नाही, अपीलही केले नाही, कारण परक्या सत्तेचे न्यायालयच त्यांना मान्य नव्हते. १९ महिन्यांहून अधिक काळ कैदेत काढून १९५७ मध्ये ते सुटले. शिक्षा ऐकली त्या दिवशी आपण इतक्या लवकर सुटू हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चंपाताईंनाही नव्हते.

याच १९५५ सालात समाजवादी मंडळींपुढे एक वेगळा पेच उभा राहिला होता. जानेवारीत काँग्रेसने आवडी येथील अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. सरकारच समाजवादाची भाषा बोलू लागल्यावर विरोधात कशाला राहायचे, असा विचार प्रजा समाजवादी पक्षातले काही नेते करू लागले. सरकारशी सहकार्याची कल्पना मांडणारे अशोक मेहता पुढे १९६३ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. लिमयांनी या विचाराला उघड विरोध केला, म्हणून पक्षाने त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली. वाद वाढला आणि डॉ. राममनोहर लोहियांनी वेगळा समाजवादी पक्ष काढला. लिमये लोहियांबरोबर गेले. वयाच्या तिशीतल्या हुशार, इंग्रजी उत्तम येणाऱ्या, तुरुंगवास भोगलेल्या माणसाला त्या काळी सत्तेच्या जवळ जाणे अवघड नव्हते. त्यांनी फुटलेला, पैसा नसलेला, निवडणुका हरणारा पक्ष निवडला.

आपल्यासारख्या परप्रांतात रुजलेल्या मराठी कुटुंबांना पुढचा भाग अधिक जवळचा वाटेल. १९६४ मध्ये बिहारमधील मुंगेर लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि पुण्याचा हा माणूस तिथून निवडून आला. तिथे मराठी मतदार नव्हते की स्वतःच्या जातीची मते नव्हती. १९६७ मध्ये मुंगेरने त्यांना पुन्हा निवडले, १९७१ मध्ये ते तिथे हरले. १९७३ च्या पोटनिवडणुकीत आणि १९७७ मध्ये शेजारच्या बांका मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. आपले पूर्वज होळकरांच्या चाकरीत किंवा त्यानंतर नोकरी-धंद्यासाठी माळव्यात आले, इथली भाषा बोलू लागले, इथले झाले. लिमये बिहारचे झाले ते तिथल्या गरिबांचे प्रश्न आपले मानून. त्यासाठी त्यांना मराठीपण सोडावे लागले नाही. ते मराठीत लिहीत राहिले, तसे हिंदीत आणि इंग्रजीतही.

लोकसभेतला त्यांचा दरारा आरडाओरड्यामुळे नव्हता. कामकाजाचे नियम, राज्यघटनेची कलमे आणि जुने निर्णय यांचा त्यांचा अभ्यास पक्का असे. लिमये हरकतीचा मुद्दा मांडायला उठले की मंत्री सावध होत. आम्ही रोज फायलींमध्ये वावरतो. नियम दाखवून काम टाळता येते, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार! लिमये तेच नियम सरकारला उत्तर द्यायला भाग पाडण्यासाठी वापरीत. नियमांचे पुस्तक दुबळ्याच्या बाजूनेही उघडता येते, एवढे जरी आम्ही कर्मचारी त्यांच्याकडून शिकलो तरी पुष्कळ झाले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. जुलैपासून फेब्रुवारी १९७७ पर्यंत लिमये मिसाखाली स्थानबद्ध होते. तेव्हा आपल्याच राज्यात असलेले रायपूर, मग नरसिंहगड आणि भोपाळ असा त्यांचा तुरुंगांचा प्रवास झाला. या काळातली एक घटना आम्हाला त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली वाटते. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. सरकारने ती एक वर्षाने वाढवून घेतली. अनेक विरोधी खासदार तुरुंगात होते, त्यांची खासदारकी आपोआप वाढली. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पण जनतेने पाच वर्षांसाठी निवडले आहे, सहाव्या वर्षाचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही, असा लिमयांचा हिशेब होता. त्यांनी आणि जबलपूरहून निवडून आलेले तरुण खासदार शरद यादव यांनी राजीनामे दिले. एवढ्यावर लिमये थांबले नाहीत. दिल्लीचे सरकारी घर लगेच रिकामे करा, असे त्यांनी तुरुंगातून पत्नीला कळवले.

इथे थोडे थांबून चंपाताईंचा विचार करायला हवा. नवरा तुरुंगात, तो कधी सुटेल याचा पत्ता नाही, आणि सामान बांधून घर सोडायचे. त्या स्वतः प्राध्यापिका होत्या आणि समाजवादी विचारांच्याही होत्या, संसाराचा भार त्यांनी पेलला. थोर पुरुषांच्या त्यागाचा निम्मा हप्ता घरातली बाई भरते, आणि पावती मात्र एकाच नावाने फाटते. लिमयांचे चरित्र लिहिताना ही पावती दोघांच्या नावे फाडणे आम्हाला आवश्यक वाटते.

१९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. लिमयांना मंत्रिपद देऊ करण्यात आले होते, त्यांनी ते घेतले नाही आणि पक्षाचे सरचिटणीस म्हणून काम केले. त्यांचे समाजवादी सहकारी प्रा. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील लाकडी बाकांवर गादी आली ती दंडवत्यांच्या काळात. रात्रभर प्रवास करून पुण्या-मुंबईच्या नातलगांकडे जाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. तेव्हा पद नाकारले म्हणजेच समाजवादी, असे मुळीच नाही. पद घेऊन सामान्य माणसाच्या पाठीखाली गादी देणे हाही समाजवादच होता. दोन मधूंनी दोन वाटा घेतल्या आणि दोघांचेही हात स्वच्छ राहिले.

पुढे दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला. जनता पक्षात आलेल्या पूर्वीच्या जनसंघीयांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध ठेवावेत की नाही, हा तो वाद. संबंध ठेवू नयेत, असा आग्रह धरणाऱ्यांत लिमये आघाडीवर होते. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंचे सरकार पडले. इंदूरच्या मराठी समाजात संघाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांना लिमयांची भूमिका तेव्हा पटली नाही आणि आजही पटत नसेल. सरकार मोडल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवणारेही आहेत. हा वाद इथे सोडवण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच नोंदवतो की या भूमिकेतून त्यांना खुर्ची मिळाली नाही. १९८० मध्ये ते बांक्यातून हरले आणि १९८२ मध्ये सक्रिय राजकारणातून बाजूला झाले. जनता पक्षाच्या त्या प्रयोगावर नंतर त्यांनी दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला.

निष्ठेची खरी परीक्षा इथून पुढे झाली. ज्या चळवळीला चाळीस वर्षे दिली तिचे तुकडे झाले होते. जुने सोबती वेगवेगळ्या पक्षांत पांगले होते. अशा वेळी माणूस एक तर कडवट होतो, नाही तर जुन्या त्यागाची किंमत वसूल करू लागतो. लिमये दिल्लीत पंडारा रोडवरच्या लहानशा घरात राहून लिहीत बसले. घरात फ्रीज नव्हता, टीव्ही नव्हता, दारात गाडी नव्हती. बाहेर जायचे तर बसने नाही तर रिक्षाने. आलेल्या पाहुण्याला चहा ते स्वतः करून देत, कधी खिचडीही टाकीत. शास्त्रीय संगीताची आणि महाभारताची त्यांना मनापासून आवड होती, म्हणजे ही राहणी रुक्ष माणसाची नव्हती. या काळात आणि आधी मिळून मराठी, हिंदी, इंग्रजीत त्यांची साठाच्या आसपास पुस्तके झाली.

आणि त्यांनी पेन्शन घेतली नाही. स्वातंत्र्यसैनिकांची नाही, माजी खासदाराचीही नाही. आपल्या मागे ती घेऊ नये, असेही पत्नीला सांगून ठेवले.

खरे सांगायचे तर हे वाचून आम्ही आधी अस्वस्थ झालो. १ जानेवारी २००५ नंतर नोकरीत लागलेल्या आम्हा कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की हाच विषय निघतो. म्हातारपणी काय, या विचाराने झोप उडते. अशात कोणी हक्काची पेन्शन नाकारली म्हटल्यावर आमच्या मागणीला ती चपराक वाटली. पण लिमयांचे आयुष्य नीट पाहिल्यावर आमचा गैरसमज गेला. कष्टकऱ्याला म्हातारपणी आधार मिळावा यासाठी तर समाजवादी जन्मभर भांडले. लिमयांनी नाकारले ते फक्त स्वतःपुरते. देशासाठी भोगलेला तुरुंग ही नोकरी नव्हती आणि खासदारकी ही लोकांनी ठरावीक मुदतीसाठी सोपवलेली जबाबदारी होती, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. दुसऱ्याचे हक्क मागताना त्यांचा आवाज चढत असे, स्वतःचे मागताना तो निघतच नसे. समाजवादी असणे म्हणजे काय, याचे आम्हाला सापडलेले उत्तर हेच आहे.

८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीत मधू लिमये वारले. पक्ष मागे राहिला नाही, इस्टेट राहिली नाही, पुस्तके राहिली.

आपल्यातल्या कोणाला इतके जमेल असे आम्ही म्हणत नाही, आम्हालाही जमणार नाही. आम्ही पेन्शन मागतच राहू. पण मुदत संपल्यावर खुर्ची सोडणे, कार्यालयाची वस्तू घरी न आणणे, मंडळाच्या वर्गणीचा पैसा न् पैसा चोख लिहिणे, समोर उभ्या असलेल्या माणसाला नियम समजावून त्याचे काम करून देणे, एवढे आपल्या आवाक्यात आहे. नरसिंहगडला सहलीला जाल तेव्हा किल्ला आणि तलाव पाहून झाल्यावर मुलांना त्या जेलची गोष्ट जरूर सांगा. पुण्याचा एक माणूस बिहारच्या लोकांसाठी इथे कैदेत होता, आणि कैदेत असतानाच त्याने आपले घर सोडले, एवढे सांगितले तरी बाकीचे मुले स्वतः विचारतील.

गणपती बाप्पा मोरया!