न्यायमूर्ती रानडे : खतामागचा हिशेब पाहणारे न्यायाधीश

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव निघाले की समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ आणि राष्ट्रीय सभेच्या आरंभकाळचे मार्गदर्शक ही त्यांची रूपे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. तथापि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे न्यायदानात गेली, याचे स्मरण क्वचितच होते. आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण कायद्याचा अभ्यास करीत असतात. त्यांच्या हाती रानड्यांच्या चरित्राचा हा भाग द्यावा, या हेतूने आम्ही हा अल्पसा लेख सादर करीत आहोत.

रानड्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने बालपण कोल्हापुरास गेले. उच्च शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये झाले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना झाली आणि १८६६ साली ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. १८७१ साली ते पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले.

येथे इक्विटी, म्हणजे समन्याय, या तत्त्वाचा थोडा खुलासा करणे इष्ट होईल. इंग्लंडात जुन्या काळी सामान्य न्यायालये कायद्याच्या अक्षरावर चालत आणि बहुधा पैशाच्या रूपाने भरपाई देत. तेवढ्याने ज्याचे समाधान होत नसे तो चॅन्सेलरकडे दाद मागे. त्यातूनच मनाई हुकूम, कराराची प्रत्यक्ष पूर्तता, कपटाने झालेला दस्तऐवज रद्द करणे, मुदत टळल्यावरही गहाण सोडवून घेण्याचा हक्क, हिशेबाची मागणी असे उपाय निर्माण झाले. आपल्याकडे मुलखातील न्यायालयांना हे अधिकार वेगळ्या कचेरीत जाऊन मागावे लागले नाहीत. १८२७ च्या एल्फिन्स्टनसाहेबांच्या नियमावलीनेच असे ठरविले होते की, कायदा, वहिवाट आणि प्रतिवादीचा धर्मनियम यांपैकी काहीच लागू नसेल तेथे न्याय, समता व सद्सद्विवेक यांना अनुसरून निवाडा करावा. १८७७ साली विशिष्ट दाद कायदा होऊन यांतील बरेच उपाय कलमबद्ध झाले.

परंतु ज्या रयतेला या न्यायाची सर्वाधिक गरज होती, तिच्यापर्यंत तो पोहोचत नव्हता. खताची मुदत तीन वर्षांची असे. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. दरसाल शेकडा २४ दराने घेतलेले १०० रुपये तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी २९५ व नऊ वर्षांनी ५०८ रुपयांच्या घरात जात. व्याज मुद्दलापेक्षा अधिक मिळू नये, हा आपल्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम होता खरा. पण प्रत्येक नव्या खतात जुने व्याज हेच मुद्दल झालेले असल्याने तो निरुपयोगी ठरे. न्यायालयात खत हजर केले जाई, कुळ हजर होत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. अखेर मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः खतांवर आणि वह्यांवर होता, ही गोष्ट विचारी माणसास पुष्कळ काही सांगून गेली.

या दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला व पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांत लागू झाला. न्यायाधीशाने प्रतिवादीची जबानी घ्यावी, देण्याचा प्रारंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत, व्याजावर व्याज धरू नये, हप्ते बांधून द्यावेत आणि शेतकऱ्यास देण्यापायी कैदेत घालू नये, असे त्यात होते. वरच्याच उदाहरणात न्यायालयाने शेकडा ९ हे व्याज वाजवी धरले, तर नऊ वर्षांचे देणे १८१ रुपये होते.

त्याच सुमारास रानड्यांवर मात्र सरकारची वक्रदृष्टी होती. पुणे सार्वजनिक सभेतील त्यांच्या कार्यामुळे ते संशयास पात्र ठरले होते. त्यांची १८७८ साली नाशिकला आणि वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वर्षी, १८७९ साली, धुळ्यास बदली झाली. धुळ्यास त्यांची पत्रेही तपासली जात. रानड्यांनी चडफड केली नाही की कामात कसूर केली नाही. १८८१ साली याच सरकारने त्यांना नव्या कायद्याखाली सहायक विशेष न्यायाधीश नेमले आणि १८८७ साली ते विशेष न्यायाधीश झाले. या कायद्याखालील पुष्कळ दाव्यांत अपील नव्हते. म्हणून गावोगावच्या दुय्यम न्यायालयांची दप्तरे तपासून चुकलेले निवाडे दुरुस्त करण्याची जबाबदारी या अधिकाऱ्यावर असे. त्यासाठी रानडे तालुक्यामागून तालुका फिरले. सौ. रमाबाईही पुष्कळदा त्यांच्याबरोबर असत.

समन्याय म्हणजे दया नव्हे, हे या कामातून ध्यानी येते. हिशेबाअंती जे खरे देणे निघेल ते कुळाने फेडलेच पाहिजे. जो न्याय मागतो त्याने आधी स्वतः न्यायाने वागावे, हीच या तत्त्वाची अट आहे. या उपायाची मर्यादाही रानडे जाणून होते. कायद्याला वळसा घालण्यासाठी काही सावकार गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले. शिवाय बी-बियाणे व बैल यांसाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न हुकूमनाम्याने सुटत नव्हता. म्हणूनच विल्यम वेडरबर्न यांच्या शेतकी पेढीच्या योजनेस त्यांनी पाठिंबा दिला. ती योजना विलायतेतील वरिष्ठांनी फेटाळली. तरीही स्वस्त कर्जाची सोय हवी, हा विषय रानड्यांनी सोडला नाही.

१८९३ साली न्यायमूर्ती तेलंगांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

तो शेतकरी कायदा आज अमलात नाही. १८७७ च्या कायद्याची जागा १९६३ च्या कायद्याने घेतली आणि २०१८ च्या दुरुस्तीने कराराच्या पूर्ततेबाबत न्यायाधीशाच्या विवेकाधिकारास पुष्कळच आवर घातला. कलमे अशी बदलत राहतील. परंतु आमच्या तरुण वकिलांपुढे एखादा पक्षकार सहीशिक्क्याचा कागद घेऊन येईल, तेव्हा सही कोणाची, एवढ्यावरच त्यांनी थांबू नये. व्यवहार खरोखर काय झाला आणि हाती किती पडले, हेही विचारावे. रानड्यांचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग आम्हास दिसत नाही.