दा. ध. कोसंबी : राजकीय परिस्थिती आणि इतिहासदृष्टीची घडण

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांना मार्क्सवादी इतिहासकार म्हणून ओळखले जाते. परंतु त्यांचा मार्क्सवाद आरंभापासून सिद्ध स्वरूपात होता, असे मानल्यास त्यांच्या विचाराचा विकास दृष्टीआड होतो. राजकीय परिस्थितीने त्यांच्यापुढे प्रश्न उभे केले. उत्तरांची मर्यादा मात्र त्यांनी पुराव्यावरून ठरवली.

गोव्यात जन्मलेल्या कोसंबींचे शालेय व उच्च शिक्षण मुख्यतः अमेरिकेत झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले, तेव्हा देश सविनय कायदेभंगाच्या उंबरठ्यावर होता. बौद्ध विद्येचे व्यासंगी असलेले त्यांचे वडील धर्मानंद १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सहभागी झाले. बनारस, अलीगढ व पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे गणित शिकवीत असताना कोसंबी प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. नाणी वापराने झिजतात. म्हणून त्यांच्या वजनातील घटीचा संख्याशास्त्रीय अभ्यास करून त्यांचा कालक्रम लावता येईल, अशी ही पद्धती होती. येथे गणिती इतिहासकार झाला.

सत्तांतराच्या काळात या दृष्टीला राजकीय धार आली. १९४६ मध्ये नेहरूंच्या भारतशोधविषयक ग्रंथाचे परीक्षण करताना त्यांनी राष्ट्रीय चळवळीमागील भांडवलदार वर्गाच्या उदयाकडे लक्ष वेधले. पण स्वपक्षीयांनाही त्यांनी सवलत दिली नाही. श्रीपाद अमृत डांगे यांचा आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतचा भारतीय इतिहास सांगणारा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कोसंबींनी त्यावर कठोर टीका केली. सोव्हिएत पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेला समाजाच्या अवस्थांचा साचा भारतीय पुराव्यावर लादणे त्यांना मार्क्सवादाशीच विसंगत वाटे. ग्रीक-रोमन धर्तीची गुलामप्रधान उत्पादनव्यवस्था येथे नव्हती, हे त्यांचे प्रतिपादन याच भूमिकेतून येते.

१९५६ च्या भारतीय इतिहासाच्या परिचयग्रंथात हा विचार प्रौढ झाला. सरंजामशाही दोन मार्गांनी आली, असे त्यांनी मांडले : राजांनी मांडलिकांवर व दानग्राहींवर सोपवलेल्या अधिकारांतून वरून, आणि गावातील भूधारक वर्गाच्या उदयातून खालून. पुण्याच्या परिसरातील सूक्ष्म पाषाणास्त्रे, ग्रामदेवता आणि कार्ल्याची लेणी ही त्यांची साधने होती.

शीतयुद्धाच्या काळात ते जागतिक शांतता चळवळीत कार्यरत होते. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांनी पुरस्कार केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची सेवा १९६२ मध्ये संपुष्टात आली. तरीही त्याच वर्षी मिथकांवरील आणि १९६५ मध्ये प्राचीन संस्कृतीवरील ग्रंथ प्रकाशित झाला.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक पेच जाणवतो. भर्तृहरीच्या सुभाषितांची १९४८ ची चिकित्सक आवृत्ती हस्तलिखितांच्या काटेकोर तुलनेवर उभी आहे. त्याच्या काव्याचा कोसंबींनी लावलेला वर्गीय अर्थ मात्र काव्यगुणांना पुरेसा न्याय देतो का, हा प्रश्न उरतो. तो सोडवताना त्यांचे निष्कर्ष प्रमाण मानण्यापेक्षा, साच्याला पुराव्याने तपासण्याची त्यांची शिस्त त्यांच्याच समीक्षेला लावणे अधिक उचित ठरेल.