संगीत सर्वांच्या दारी

मुलांनो, रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्यात उमरठ नावाचे गाव आहे. तेथे सुभेदार तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. १६७० साली सिंहगड घेताना त्यांना वीरमरण आले. शाहीर तुळशीदासाने या पराक्रमाचा पोवाडा रचला. शाहिरांनी तो डफाच्या तालावर गावोगाव गाइला. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, ज्याला जमेल त्याने शिकावे, अशी पोवाड्याची रीत. म्हणून तो टिकला.

रागदारी संगीताचे मात्र तसे नव्हते. ते दरबारात आणि उस्तादांच्या घराण्यांत राहत असे. गुरू विद्या न देताच वारला, तर त्याच्या चिजाही त्याच्याबरोबर नाहीशा होत. हे संगीत सामान्य माणसाच्या दारी नेण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

विष्णूंचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार होते. लहानपणी चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि विष्णूंची दृष्टी अधू झाली. शाळा सुटली. मग त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकायला ठेवले. बाळकृष्णबुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे ग्वाल्हेरच्या उस्ताद हस्सू खाँसाहेबांचे शिष्य होते. पाहा, एकच विद्या किती हातांतून पुढे आली!

असे सांगतात, की मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णूंना आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. गवयाला प्रतिष्ठितांच्या रांगेत बसवण्याची तेव्हा पद्धत नव्हती. विष्णूंच्या मनाला हे फार लागले. गाणाऱ्याला मान मिळवून द्यायचा, तर आधी गाणे लोकांना कळले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

गावोगाव मैफली करीत ते उत्तरेकडे गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर शहरात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. आज हे शहर पाकिस्तानात आहे. तेथे ना त्यांचे कोणी नातलग, ना कोणा राजाचा आधार. लोकांनी दिलेल्या देणग्या आणि मैफलींचे पैसे यांवर शाळा चालली. वर्ग ठरलेल्या वेळी भरत, परीक्षा होत. गाणे कागदावर उतरवता यावे म्हणून पंडितजींनी स्वरलिपी तयार केली आणि पुस्तके छापली. काही शिष्यांना त्यांनी जवळ ठेवून घेतले. त्यांनी शिकून पुढे इतरांना शिकवावे, हा त्यामागचा हेतू होता.

१९०८ साली मुंबईतही विद्यालय निघाले. इमारतीसाठी कर्ज काढले, पण ते फिटले नाही. शेवटी इमारतीचा लिलाव झाला. केवढा हा आघात! तरीही पंडितजींनी शिकवणे सोडले नाही. नाशिकला आश्रम काढून ते तेथे राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

इमारत गेली, पण विद्या गेली नाही. ती शिष्यांच्या गळ्यात होती. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास या शिष्यांनी ती देशभर नेली. पंडितजींच्या पश्चात त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आजही या मंडळाच्या परीक्षांना अनेक गावांतील मुले-मुली बसतात. त्यांना कोणी घराणे विचारत नाही. पेटी उघडायची, सा लावायचा आणि शिकायला लागायचे, एवढेच.