ताराबाई शिंदे : सुरतेच्या खटल्यातून उभा राहिलेला प्रश्न

माणसासारखी वाचणारी, लिहिणारी आणि निवाडाही सांगणारी यंत्रे आज घरोघरी पोहोचली आहेत. यंत्राला ना राग ना लोभ. तेव्हा त्याचे म्हणणे निःपक्षपातीच असणार, अशी पुष्कळांची समजूत आहे. अशा समजुतीची परीक्षा कशी घ्यावी, हे सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी एका मराठी स्त्रीने दाखवून दिले. तिच्या लेखणीस निमित्त झाले ते आपल्या सुरतेतील एका खटल्याचे. म्हणून तिचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० च्या सुमारास वऱ्हाडात बुलढाणे येथे झाला. वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. गावात मुलींची शाळा नव्हती. म्हणून त्यांनी कन्येस घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. तिचा विवाह त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झाला. मात्र जावई सासरीच येऊन राहिले. ताराबाईंना मूलबाळ झाले नाही.

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. लोकलज्जेच्या भयाने तिने आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला, असा तिच्यावर आरोप होता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, परंतु रूढीपुढे तो दुबळा ठरला होता. विजयालक्ष्मीस फाशीची शिक्षा झाली; पुढे अपिलात ती रद्द होऊन हद्दपारीची शिक्षा कायम झाली. या प्रकरणाची चर्चा वृत्तपत्रांत झाली आणि ‘पुणेवैभव’ पत्राने त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीलाच दोष दिला.

तो लेख वाचून ताराबाई संतप्त झाल्या. १८८२ साली त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यात छापून प्रसिद्ध झाला. प्रती पाचशे आणि किंमत नऊ आणे. कपट, साहस, चंचलपणा असे जे जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जात, ते एकेक घेऊन पुरुषांच्या ठायी ते नाहीत काय, असा रोखठोक सवाल त्यांनी केला. विधवेला फसविणारा पुरुष उजळ माथ्याने फिरतो आणि शिक्षा मात्र तिलाच, हा न्याय कोणता, असेही त्यांनी विचारले. एवढ्यावरच त्या थांबल्या नाहीत. शास्त्रे कोणी रचली? ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या कादंबऱ्यांतील नायिका कोणी रंगविल्या? पुरुषांनीच. एका पक्षाने काढलेले चित्र पुनःपुन्हा दाखविले की लोक त्यालाच सत्य मानू लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

निबंधावर टीका झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांचा कैवार घेतला. तथापि ताराबाईंचे दुसरे पुस्तक पुढे निघाले नाही. १९१० च्या सुमारास त्या निवर्तल्या आणि त्यांचे नावही विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो निबंध पुन्हा प्रकाशात आणला.

आता यंत्राकडे वळू. विचार करणारे म्हटले जाणारे यंत्र शिकते ते मागील लिखाणावरून. अ‍ॅमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडण्यासाठी असे एक यंत्र घडविले होते. दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर ते शिकले. ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते; म्हणून स्त्रियांचा निर्देश असलेल्या अर्जांना ते कमी लेखू लागले. कंपनीला ते सोडून द्यावे लागले आणि २०१८ साली ही हकीकत जगापुढे आली. हुकूम झेलणाऱ्या यंत्रांना बाईचाच आवाज दिल्याने स्त्री म्हणजे आज्ञाधारक सेविका ही जुनी कल्पना दृढ होते, असा इशारा युनेस्कोनेही २०१९ साली दिला. यंत्राच्या मनात वैर नव्हते; त्याला वाचावयास दिलेली पोथी एकतर्फी होती.

ताराबाईंनी शास्त्रांना जो प्रश्न विचारला, तोच या यंत्रांनाही विचारावयास हवा. तुझे ज्ञान कोणाच्या लेखणीतून आले, आणि ते लिहिताना कोणाला विचारलेच गेले नाही? आमच्या विद्यार्थिनींपैकी काही उद्या अशी यंत्रे स्वतः घडवितील. त्यांच्या कामाचा आरंभ याच प्रश्नाने व्हावा, अशी आमची इच्छा आहे. आणि विद्यार्थ्यांनीही तो मुलींचा प्रश्न म्हणून बाजूस सारू नये.