परळचे हाफकिन

आपल्या भागात 'हाफकिन' हे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच. लशीची गोष्ट निघाली की ते नाव निघतेच. पण भगिनींनो, हाफकिन म्हणजे नुसती परळची जुनी इमारत नव्हे. तो एक परका माणूस होता, आणि त्याने आपल्या मुंबईसाठी काय केले व काय सोसले ते आपल्याला ठाऊक असावे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा त्या वेळी रशियाच्या राज्यात होते. ते प्राणिशास्त्र शिकले. वैद्यकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पुढे पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत ते ग्रंथपालाच्या कामावर लागले आणि तेथेच प्रयोग करू लागले. १८९२ साली त्यांनी पटकीवर लस काढली व ती स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला गाठीचा प्लेग निघाला. गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. लोक घरेदारे टाकून गावी पळू लागले. ऑक्टोबरात हाफकिन यांना बोलावणे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा आणि तीन-चार मदतनीस एवढेच मिळाले.

त्यांची रीत आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी होती. मांसाच्या पातळ रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून वाढत आणि खाली झुंबरासारखे लोंबत. मग उष्णता देऊन ते मारायचे. असे मेलेले जंतू टोचले तर प्लेग होत नाही, पण शरीर शत्रूला ओळखून ठेवते व खरा रोग आला की तयारीत असते.

पेनिसिलीनचे काम याहून निराळे. ते १९२८ साली फ्लेमिंग यांना बुरशीत सापडले. अंगात शिरलेल्या जंतूला ते स्वतःभोवतीची भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून जंतू फुटून मरतो. घशाचे काही आजार, न्यूमोनियाचा एक प्रकार, उपदंश यांवर ते चालते. सर्दीवर चालत नाही, आणि प्लेगवरही नाही. प्लेगला लागू पडणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली निघाले. म्हणजे हाफकिन यांच्या काळी रोग होऊ न देणे एवढीच वाट होती.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नवी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, तो सोसला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथे राजी असलेल्या कैद्यांना लस दिली. त्यांच्यात न टोचलेल्यांपेक्षा मरणे कमी झाली. पुढे दोनच महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. अशी ती वेळ होती. तरी लोक सुईला भीत. आगाखान यांनी स्वतः टोचून घेतले, तेव्हा पुष्कळांना धीर आला. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली.

१९०२ च्या ऑक्टोबरात घात झाला. पंजाबात मुलकोवाल गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. हे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केले. पुढे उघड झाले ते असे : गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. हिवताप डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण काम मिळाले कलकत्त्यास. स्वतः उभी केलेली परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती परत आली नाही.

त्यांनी लग्न केले नाही. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे ते वारले.

एका अस्वच्छ चिमट्याने १९ जीव घेतले आणि एका सज्जनाची उमेदीची पाच वर्षे नेली. म्हणून मुलांना टोचायला नेताना सुई नवी आहे ना, हे आपण अवश्य पाहावे. पण भीतीपोटी लस चुकवू मात्र नये.