काका केळकर

खडकीवरून मावळाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कामशेत हे गाव लागते. त्याच्याजवळील करंजगावी 10 जानेवारी 1896 रोजी दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म झाला. पुण्यात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविताही लिहीत. परंतु लोक काकांना ओळखतात, ते निराळ्याच कारणाने.

घरोघरी कंदील आले, मागाहून वीज आली आणि समया, लामणदिवे माळ्यावर जाऊन पडले. पुढे तेही मोडीत निघाले. कारागिराने दिवसचे दिवस खपून घडविलेला दिवा तराजूत पडला, की त्याला उरे केवळ पितळेचे मोल. मग तो मुशीत वितळून जाई. काकांना हे पाहवेना. सुमारे 1920 पासून त्यांनी अशा वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. तलवारी व दागिने यांचे संग्राहक पुष्कळ असतात. काका शोधीत ते अडकित्ते, दौती, फण्या, कुलपे आणि शेवयांचे साचे! पाय घासावयाची वज्री ती काय. पण तिच्यावरही कुणा अनामिक ओताऱ्याने डौलदार पोपट बसविलेला असे.

या छंदापायी ते गावोगाव हिंडले. दुकानाची मिळकत त्यात खर्ची पडे. पत्नी कमलाबाई यांनी मात्र त्यांची साथ सोडली नाही. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच वारला. त्या दुःखातही संग्रह थांबला नाही. उलट त्याला राजाचेच नाव मिळाले.

तिकडे फ्रान्समध्ये पिकासो या कलावंताने 1942 साली सायकलची टाकाऊ बैठक व पुढचा दांडा जोडून बैलाचे मस्तक घडविले. काकांनी वस्तूंचे रूप पालटले नाही. त्यांची किमया होती ती मांडणीत. स्वयंपाकघरात ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे, ते किसणे वा करंडे शेजारी शेजारी मांडले, की त्यांतील कोरीवकाम डोळ्यांत भरे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला.

संग्रह सुमारे 20,000 वस्तूंपर्यंत वाढला. 1975 साली काकांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मोबदला घेतला नाही. 1980 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 17 एप्रिल 1990 रोजी ते निवर्तले. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील त्या संग्रहालयाच्या नावात राजा आजही पित्याच्या आधी येतो.