पवळाबाईंचेही नाव घ्या

सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजे शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५), सर्वांना माहीत आहेत. पण त्यांच्या लावण्या गाणाऱ्या पवळाबाई किती तरुणांना ठाऊक आहेत?

१८७० साली संगमनेरजवळच्या हिवरगावात महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बापूरावांच्या फडात गाऊन-नाचून त्यांनी मुंबईपर्यंत नाव कमावले. ब्राह्मण शाहिराची आणि महार कलावंतिणीची ही जोडी सनातन्यांना खुपली.

पुढे बापूरावांनी महाडच्या लढ्यासाठी तमाशाचे पैसे देऊ केले. समाजाची बाई नाचवून मिळवलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला. तो नकार शोषणाला होता, पवळाबाईंच्या कलेला नव्हे.

१९३९ साली त्या गेल्या. शाहिराचे स्मरण करताना त्यांच्या लावणीला गळा देणारी आपली बाई विसरू नका.